वाईट सांगणारा माणूस

नवऱ्याला सरकारी नोकरी लागावी म्हणून त्याच्याविषयी वाईट बोलेल असा माणूस शोधत मी एकदा धुळ्यात दारोदार फिरले आहे. लोक चांगलं सांगणारे शोधतात. आम्हाला चांगलं सांगणारे इतके भेटले होते की त्यांच्यापायीच नोकरी हातची जायची वेळ आली होती.

नीट सांगायचं तर लग्नापासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर देवपूरचं, म्हणजे धुळ्यातल्या पांझरा नदीपलीकडचं. वडील शाळामास्तर. हे मूळचे पिंप्राळ्याचे. आज पिंप्राळा जळगावात मिसळून गेलंय, तेव्हा ते गावच होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे धुळ्यातल्या एका मारवाडी शेठजींच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ट्रकड्रायव्हर जावई करायला आई मुळीच तयार नव्हती. वडील ह्यांच्याशी बराच वेळ ओट्यावर बोलत बसले आणि आत येऊन म्हणाले, "पोरगा कमी बोलतो, पण जे विचारलं त्याचंच उत्तर देतो." आईला हे काही पटलं नाही, पण लग्न झालं.

आग्रा रोडलगतच्या एका चाळीत आम्ही बिऱ्हाड केलं. ह्यांची गाडी इंदूरपर्यंत जायची, कधी त्याच्याही पुढे. जाताना कापसाच्या गाठी, शेंगदाणा, केळी; येताना मिळेल तो माल. आठवड्यानं घरी आले की अंघोळ करायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे ते दुसऱ्या दिवशीच उठायचे. जेवण कमी, पोट साफ नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. मला वाटायचं, रात्रंदिवस गाडी चालवणाऱ्याचं असंच होत असेल.

एकदा शर्ट धुवायला घेतला तर खिशात कागदाच्या पुडीत हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या निघाल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"पाय दुखतात, त्याचं औषध."

ते खोटंही नव्हतं. घाट चढता-उतरता पायांचे तुकडे पडायचे, आणि माळव्यातून येणारी अफू रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर चहाबरोबर मिळायची. पहिल्यांदा एका जुन्या ड्रायव्हरनं दिली होती. पुढे पाय दुखोत न दुखोत, गोळी लागू लागली. मग दोन. मग पगार घरी येईना. मग वाण्याकडची उधारी वाढली, घरमालकाचं भाडं थकलं, माझ्या कानातलं गेलं. मी भांडले, रडले, शेवटी पिशवी भरून माहेरी गेले. हे रोज संध्याकाळी पूल ओलांडून यायचे आणि आमच्या ओट्यावर बसून राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. आई त्यांना चहाही द्यायची नाही. महिनाभरानं वडील म्हणाले, "परत जायचं की नाही, ते तू ठरव. पण हा माणूस वाईट नाही, आजारी आहे." मी परत गेले.

त्यानंतर केळीचं प्रकरण झालं. जळगावची केळी भरून गाडी इंदूरला निघाली होती. उन्हाळ्याचे दिवस. घाटात टायर फुटलं. क्लीनरनं स्टेपनी काढायला खाली वाकून पाहिलं तर स्टेपनीच नाही. ती ह्यांनी आधल्या फेरीतच ढाब्यावर विकली होती आणि त्या पैशांच्या गोळ्या घेतल्या होत्या. टायर मिळून गाडी निघेपर्यंत अर्धा माल काळा पडला. व्यापाऱ्यानं माल उतरवूनच घेतला नाही.

शेठजींनी व्यापाऱ्याला भरपाई दिली. ह्यांना पेढीवर बोलावलं. पोलिसात देतील असं आम्ही धरूनच चाललो होतो. शेठजी म्हणाले, "पोलिसात देऊन मला केळी परत मिळणार आहेत का? स्टेपनीचे आणि केळ्यांचे पैसे फेड. आणि माझ्या गाडीला पुन्हा हात लावू नकोस." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. कागद नाही, सही नाही, अंगठा नाही.

त्या दिवशी हे घरी आले, खिशातली पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही तुझ्याजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

देवपुरात एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला वेगळं सांगितलं. एकदम तोडू नका, माणूस वेडा होईल. रोज नखभर कमी करा. त्यांनी स्वतः गोळ्या वजन करून, पुड्या बांधून माझ्याकडे दिल्या. त्या दिवसांविषयी फार लिहीत नाही. नाक वाहायचं, जांभयांवर जांभया यायच्या, अंगावर काटा उभा राहायचा, पाय तर असे पिळवटायचे की मी पायांवर बसून राहायची. एकदा त्यांनी पुड्यांसाठी ट्रंकेचं कुलूप तोडलं. ट्रंकेत पुड्या नव्हत्याच. मी त्या वडिलांकडे ठेवल्या होत्या. रिकाम्या ट्रंकेपुढे बसून हे हसायला लागले. मीही हसले. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एकाच वेळी हसलो होतो. पावसाळा संपता संपता शेवटची पुडी संपली.

आम्ही बिऱ्हाड देवपुरात हलवलं. तिथं कॉलेजची मुलं राहायची आणि घरच्या जेवणासाठी तळमळायची. मी खानावळ सुरू केली. सकाळी वरण-भात, पोळी, भाजी. संध्याकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि शेवभाजी. थंडीत भरीत. ह्यांना कुणी गाडी देईना, म्हणून हे बाजार करायचे, दळण आणायचे, वांगी भाजायचे. भरताची वांगी काट्याकुट्यांवर भाजावीत ती ह्यांनीच. माझ्या हातची कच्ची राहायची. मुलं त्यांना भाऊ म्हणायची. पुढे एका कापसाच्या जिनिंगवाल्यानं त्याचा जुना ट्रॅक्टर चालवायला दिला. मिळेल त्यातलं दर महिन्याला शेठजींच्या पेढीवर जायचं. हे पैसे मुनिमाकडे द्यायचे. शेठजी गादीवर बसलेले असायचे, पण वर बघायचे नाहीत. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशीही त्यांनी वर बघितलं नाही. हे घरी येऊन म्हणाले, "फिटलं." मी त्या दिवशी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या आणि सगळ्या मुलांना फुकट जेवू घातलं.

मग काही वर्षांनी सरकारच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ड्रायव्हरच्या जागा निघाल्या. कारखाना जळगाव जिल्ह्यातच, राहायला क्वार्टर, पेन्शन. पासष्टची लढाई होऊन गेलेली होती, त्यामुळे असल्या ठिकाणी माणूस घेताना फार चौकशी व्हायची. आम्ही दोघं मेथी निवडत बसलो होतो.

"त्यांनी जुनं विचारलं तर?" मी म्हटलं.

"तर सांगीन."

"नाही विचारलं तर?"

"तर कशाला सांगू?" हे म्हणाले. मेथीची काडी मोडली. "पण विचारतील गं. दारूगोळ्याची गाडी आहे."

गाडी चालवायची परीक्षा ह्यांनी सहज पार केली. मग एकेकाला सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे उभं केलं. ते साहेब साताऱ्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. "काही व्यसन?" असं ते सगळ्यांनाच विचारत होते आणि "नाही साहेब" ऐकून पुढे जात होते. ह्यांनी सांगितलं, "आता नाही. पूर्वी अफू खायचो."

साहेबांनी मान वर केली. "कर्ज?"

"होतं. अफूपायीच झालं होतं. फिटलं." आणि मग स्टेपनी, केळी, सगळंच सांगून टाकलं.

साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि "चौकशी होईल, या," म्हणाले.

चौकशीचा हवालदार आधी पिंप्राळ्याला गेला, कारण कायमचा पत्ता तिथला. तिथं माझ्या सासूबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायची. हवालदार गावात आल्याची बातमी अक्कांना तो पारापाशी पोचायच्या आधीच लागली. त्या मागच्या बोळातून घरोघर फिरल्या आणि सगळ्यांना पढवून आल्या. मग हवालदार ज्या दारात उभा राहील तिथून एकच उत्तर. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाही. एका पैशाचं देणं नाही. अक्कांनी तर त्याला बसवून ताक पाजलं आणि म्हणाल्या, "मना पोऱ्या सोनाना शे. बठ्ठा गावले विचारा." सगळ्या गावाला विचारा म्हणे.

देवपुरात तेच. खानावळीतल्या मुलांनी साक्ष दिली, भाऊंसारखा माणूस नाही. घरमालक म्हणाले, निर्व्यसनी. त्यांनी खरं तेच सांगितलं. त्यांनी ह्यांना पाहिलं ते अफू सुटल्यानंतरच. पोलिसांच्या दप्तरात तर काही नव्हतंच.

आणि ह्यांना पत्र आलं, येऊन भेटा. हे गेले ते तोंड पाडूनच परत आले.

"काय झालं?"

"साहेब म्हणाले, तुमचं गाव म्हणतं तुम्ही संत आहात. तुम्ही म्हणता मी अफूबाज होतो. दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. मी तुमच्या गावावर विश्वास ठेवला तर तुम्ही खोटे. तुमच्यावर ठेवला तर अख्खं गाव खोटं, आणि मग तुमच्याविषयी मला खरं कोण सांगणार?"

"मग?"

"म्हणाले, असा एक माणूस आणा की ज्यानं तुमचं वाईट पाहिलंय आणि जो ते माझ्यापुढे बोलेल. पंधरवड्याच्या आत. नाहीतर कागद बंद."

आधी आम्ही पिंप्राळ्याला गेलो. अक्कांना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"येडा शे का तू? खरं सांगी दिधं?"

"त्यांनी विचारलं, अक्का."

"विचारतस ते विचारू दे! मी बठ्ठा गावले समजाडी सांगं, आन तू स्वताच..." आणि त्यांना एकदम रडू आलं. पोराचं झाकावं म्हणून त्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी त्या घरोघर फिरल्या होत्या. ह्यांनी त्यांचे गुडघे दाबले. मी चहा ठेवला. राग कुणाचाच कुणावर नव्हता, पण काम बिघडलं होतं ते बिघडलंच होतं.

धुळ्यात आलो आणि शोध सुरू केला. म्हातारे डॉक्टर वारले होते. माझे वडीलही आता नव्हते. आग्रा रोडवर ह्यांचा एक जुना ड्रायव्हर दोस्त गॅरेज चालवत होता; दोघांनी एकत्र गोळ्या खाल्लेल्या. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "वहिनी, दोस्ताच्या पोटावर पाय देऊ? मला हे सांगू नका." मी समजावलं की पोटावर पाय नाही, ह्यानं पोट भरेल. त्याला ते काही केल्या पटेना. पहिल्या चाळीतल्या शेजारणीकडे गेले. तिनं माझी रडारड रोज भिंतीपलीकडून ऐकली होती. ती म्हणाली, "अगं, झालं गेलं. मला तर काही आठवतसुद्धा नाही." आणि माझ्या हातावर गूळशेंगदाणे ठेवले. ज्या माणसांनी तेव्हा आमच्याकडे बघून दारं लावली होती, ती आता आमच्यासाठी खोटं बोलायला तयार होती. मला बरंही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

हे म्हणाले, "एकच माणूस उरला."

"शेठजी? ते तर तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पेढीवर गेलो. ह्यांना पायऱ्या चढवेनात, म्हणून मी पुढे झाले. शेठजी आता बरेच थकले होते. डोळ्यांना जाड चष्मा आला होता. त्यांनी मला ओळखलं नाही, पण मागं ह्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हिशेब संपलाय," ते मुनिमाकडे बघत म्हणाले.

"हिशेबासाठी नाही आलो, शेठजी," मी म्हटलं. "साक्षीसाठी आलोय. तुम्ही ह्यांच्याविषयी जे खरं आहे ते एका साहेबांपुढे सांगायचं."

"मी ह्याच्याविषयी चांगलं सांगणार नाही."

"चांगलं नकोच आहे. वाईट सांगायचंय."

मुनीम लिहिता लिहिता थांबला. शेठजींनी चष्मा काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांच्याकडे सरळ पाहिलं. मी सगळी हकिगत सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी येऊन म्हणायचं की हा चोर आहे, आणि मग सरकार ह्याला दारूगोळ्याची गाडी देणार?"

"देईल की नाही ते माहीत नाही," हे म्हणाले. "पण तुम्ही जे पाहिलं ते सांगा. त्यात काही सोडू नका."

शेठजी बराच वेळ गादीवरची चादर हातानं सारखी करत राहिले. मग म्हणाले, "लिहून देणार नाही. लिहिलेलं कोण कसं वाचेल सांगता येत नाही. मी येतो. तिकीट माझं मी काढीन."

धुळ्याहून आगगाडीनं चाळीसगाव आणि तिथं गाडी बदलून पुढे, असा प्रवास होता. मी शिदोरी घेतली होती. शेठजी जैन, म्हणून कांदा-लसूण न घालता दुधातल्या दशम्या केल्या, तिळाची चटणी आणि आंब्याचं गोड लोणचं. चाळीसगावच्या फलाटावर दुसऱ्या गाडीची वाट पाहताना मी डबा उघडला. शेठजींजवळ त्यांचा डबा होता, तो त्यांनी उघडला नाही.

"लसूण?"

"नाही शेठजी. तवासुद्धा घासून घेतला."

त्यांनी दशमी घेतली. खाताना म्हणाले, "तू खानावळ चालवतेस म्हणे. माझ्या भाच्याचा मुलगा जेवायचा तुझ्याकडे. म्हणायचा, भरीत तो ड्रायव्हर करतो."

"वांगी ते भाजतात. फोडणी माझी."

शेठजींना पहिल्यांदाच हसू आलं असावं, पण ते मिशीत राहिलं. पुढच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांना झोप लागली. त्यांची पैशांची पिशवी बाकावर तशीच उघडी. हे समोर बसून त्या पिशवीकडे न बघता बाहेर केळीच्या बागा बघत होते, आणि मी ह्यांच्याकडे बघत होते.

कारखान्याच्या फाटकावर आम्हा तिघांची नावं लिहून घेतली. साहेबांनी मलाही आत बोलावलं. ह्याची मला कल्पना नव्हती. खोलीत पंखा, टेबल, भिंतीवर एक नकाशा. साहेब शेठजींना म्हणाले, "सांगा."

शेठजींनी सांगितलं. असं सांगितलं की मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. "हा चोर होता. माझी स्टेपनी ह्यानं विकली. दुसऱ्याच्या घामाची केळी सडवली. व्यापाऱ्यापुढे मला हात जोडावे लागले. गाडीवर बसायचा तेव्हा ह्याचे डोळे उघडे असायचे, पण आत कुणी नसायचं. ह्यानं माणसं मारली नाहीत ते ह्याचं नशीब आणि माझं." हे खाली मान घालून उभे होते. एका शब्दालाही नाही म्हणाले नाहीत.

"पैसे परत केले?" साहेबांनी विचारलं.

"केले. पैसे घाबरलेला माणूसही परत करतो, साहेब. पण मी ह्याला घाबरवलंच नव्हतं. केस नाही, कागद नाही. हा इंदूरला पळाला असता तर मी ह्याच्यामागे कुत्रंही सोडलं नसतं. तरी दर महिन्याला यायचा. मी बोलायचो नाही. बोललो असतो तर ह्यानं हात जोडले असते, रडला असता, आणि मला ते नको होतं. मला बघायचं होतं किती महिने येतो."

"आज तुमची गाडी त्याला द्याल?"

"इकडे येताना मला गाडीत झोप लागली," शेठजी म्हणाले. "मला प्रवासात झोप लागत नाही. पिशवी उघडी टाकून तर नाहीच."

साहेबांनी मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सोडून गेला नाहीत?"

"गेले होते," मी म्हटलं. "परत आले. म्हटलं, आजारी माणूस आहे, बरा होतोय का बघू. नसता झाला तर पुन्हा गेले असते."

साहेब हसले. मग ह्यांना म्हणाले, "अजून तलफ येते?"

मला वाटलं, आता तरी नाही म्हणावं. पण प्रश्न विचारला गेला होता.

"येते साहेब. पाय दुखले की येते. गाडी थांबवतो, खाली उतरून चालतो. चहा मिळाला तर पितो. जाते."

"आणि नाही गेली तर?"

"तर गाडी पुढे नेणार नाही. सांगीन, दुसरा ड्रायव्हर पाठवा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. म्हणाले, "आम्हाला व्यसनाची भीती कमी, लपवण्याची जास्त. ज्यानं काही लपवलंय त्याच्याकडे उद्या कुणीतरी येतं आणि म्हणतं, एक पेटी दे, नाहीतर तुझं सगळं सांगतो. तुमच्याकडे येऊन कुणी काय सांगणार? सगळं माझ्याकडे आधीच आलंय. गावाचंही मी धरत नाही. आईनं पोराचं झाकलं, त्यात गुन्हा नाही." मग म्हणाले, "तरी मी लगेच दारूगोळ्याची गाडी देणार नाही. आधी पाण्याचा टँकर. दवाखान्यात दर महिन्याला तपासणी. चालेल?"

"चालेल," हे म्हणाले.

बाहेर आल्यावर शेठजी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. हे वाकून पाया पडायला गेले तर ते मागं सरकले. "पाया पडू नकोस. मी तुझ्यासाठी खोटं बोललो नाही, उपकार कसले? मला स्टेशनवर पोचव. आणि ऊन फार आहे, टांगा कर. तुझ्या पैशानं." ह्यांनी टांगा केला. त्या टांग्याचे पैसे देताना ह्यांना इतका आनंद झाला होता की टांगेवाल्यानं दोनदा विचारलं, मुलगा झाला काय म्हणून.

महिन्या-दोन महिन्यांत नेमणुकीचा कागद आला. मी खानावळ एका विधवा मैत्रिणीच्या हाती दिली, तिनं ती माझ्यापेक्षा चांगली चालवली. क्वार्टरमध्ये दोन खोल्या, मागं थोडी जागा. मी तिथं वांगी लावली. अक्का आल्या, चार दिवस राहिल्या आणि कॉलनीतल्या बायकांना त्यांनी स्वतःहून सांगितलं, "मना पोऱ्या अफू खाये. आते नही खात." आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पाहिलं की त्या हे सांगताना नातवाची मुंज सांगावी तशा सांगत होत्या.

हे टँकर चालवायचे तेव्हा कॉलनीच्या हौदाशी उभं राहून बायकांच्या शिव्या खायचे, पाणी उशिरा आलं म्हणून. दर महिन्याला दवाखान्यात जाऊन तपासून यायचे. त्याची कधी लाज धरली नाही. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी ड्रायव्हर कमी पडले आणि साहेबांनी ह्यांना बोलावून लाल झेंड्याची, म्हणजे दारूगोळ्याची गाडी दिली. त्या महिन्यांत हे घरी आले की पार थकलेले असायचे. एका दुपारी असेच बाजेवर पडल्या पडल्या झोपले. मी ताट वाढून उठवायला गेले आणि माझ्या लक्षात आलं, पूर्वी हे असे झोपले की मी पापणी उचलून बाहुली बघायची, खिसे चाचपायची, ओठांचा वास घ्यायची. ते करणं माझं केव्हा सुटलं, मला आठवेना. त्यांचं सुटल्यानंतरही माझं कितीतरी दिवस सुटलं नव्हतं.

मी त्यांना उठवलं नाही. ताटावर ताट झाकून ठेवलं आणि मागं जाऊन वांग्यांना पाणी घातलं.